आधी भिंत, मग मरण

बीजकोशाच्या पोलादी दारासमोर डॉ. हेमलता गेडाम सकाळपासून ताटकळत उभ्या होत्या. हातात शीतपेटी, पेटीत सागाचे ताजे भ्रूण. आणखी थोडा उशीर झाला असता तर त्या भ्रूणांची भाजीसुद्धा झाली नसती. दार उघडायला केंद्रसंचालक डॉ. वामनराव चिमूरकर यांचा उजवा अंगठा लागे आणि तो अंगठा आज एका सत्काराला गेला होता.

"मॅडम, खुर्ची आणू का?" डॉ. सुगत मेश्रामनं विचारलं. तो वनस्पतींच्या पेशींचा अभ्यासक होता आणि हेमलताबाईंच्या हाताखाली तयार झाला होता.

"खुर्ची नको. कुऱ्हाड आण."

सुगत हसला, पण बाई हसल्या नाहीत. कुऱ्हाडीचा उपयोग नव्हता हे दोघांनाही माहीत होतं. प्राणहिता नदीच्या काठचं हे सागवन संशोधन केंद्र उभं राहिलं तेव्हा आसपास खरं जंगल होतं. मग एकामागून एक होरपळीचे उन्हाळे आले, त्यांच्या पाठोपाठ खोडकिडा आला, आणि पंधरा-वीस वर्षांत जुना रानसाग संपला. उरले ते या दाराआड गोठवून ठेवलेले त्याचे भ्रूण. मध्यंतरी एका लाकूड कंपनीनं त्यातले काही वाण पळवले. त्यावर चिमूरकर सरांनी स्वतः हे कुलूप बनवून घेतलं. दार अंगठ्याचे ठसे पाही, अंगठ्यातली नाडीही पाही. कोणी जबरदस्ती केली, किंवा वर्षभर राखणदाराचा अंगठा लागला नाही, तर शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा बरं म्हणून बीजकोश आतला सगळा साठा स्वतःच जाळून टाकी.

दारावरच्या काचपट्टीवर दोन ओळी चमकत असत. 'राखणदार: वा. चिमूरकर.' त्याखाली 'वारस:' आणि पुढे कोरी जागा. राखणदाराला काही झालं तर वारसाचा अंगठा आपोआप चालू व्हायचा, अशी ती सोय. पण वारसाचं नाव घालायचा अधिकार फक्त राखणदाराला, आणि राखणदारानं ती जागा कुलूप बसवल्या दिवसापासून कोरी ठेवली होती. सरांचं वय अठ्ठ्याहत्तर होतं. छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारा स्पंदक बसवलेला होता. मुदतवाढीवर मुदतवाढ घेत ते कामावर येत होते. त्यांची एक धडधड चुकली की वर्षभरात अख्खा रानसाग राख होणार होता. हेमलताबाईंची झोप त्या कोऱ्या जागेनं उडवली होती.

दुपारी सर आले. खांद्यावर शाल, हातात नारळ. अंगठा टेकवला, दार उघडलं, भ्रूण आत गेले.

"सर, त्या वारसाच्या जागेचं..."

"घाई काय आहे?" सर म्हणाले.

हे वाक्य बाईंनी इतक्या वेळा ऐकलं होतं की सरांनी तोंड उघडण्याआधीच त्यांचे दात आवळले जात. सरांना कोणी वाईट म्हणू शकत नव्हतं. खोडकिड्याच्या वर्षांत हाच माणूस स्वतः झाडांवर चढून बी गोळा करत होता. म्हणून तर बाई अजून त्यांच्याशी भांडत होत्या. वाईट माणसाशी कोण एवढं भांडतं?

"ते जाऊ दे," सर म्हणाले, "चल, तुला एक गंमत सांगतो. समितीनं आपला नवा प्रकल्प मंजूर केला. अमर साग!"

हेमलताबाईंनी कपाळाला हात लावला.

"रानसाग का मेला?" सर शाल घडी करत बोलू लागले. "खोडाचं लाकूड मेलेलं असतं म्हणून. मेलेल्या पेशीला किडा पोखरतो, तिला प्रतिकार करता येत नाही. आता तूच सिद्ध केलंयस की लाकडातल्या पेशी आपल्या मरणानं मरत नाहीत. त्यांच्यात मरणाचा हुकूम लिहिलेला असतो. नियोजित पेशीमृत्यू! मग तो हुकूम खोडून टाकायचा. खोड सालीपासून गाभ्यापर्यंत जिवंत राहील आणि आपली जखम आपण भरेल."

"सर, पाणी कुठून चढेल?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच मला शिकवलंय." बाईंचा आवाज चढला. "सालीखालच्या थरात पेशी जन्मते, लांब होते, आतून भिंत बांधते, आणि भिंत पुरी झाली की स्वतःचं आतलं सगळं विरघळवून टाकते. मागे उरते पोकळ नळी. अशा नळ्या एकावर एक बसतात आणि त्यातून पाणी शेंड्याला जातं. पेशी मेली नाही तर नळी भरलेलीच राहील. घरातल्या सगळ्या नळांमध्ये माणसं बसवली तर पाणी येईल का?"

"मुळांचा दाब असतो."

"कमरेएवढ्या रोपापुरता असतो. सागाच्या शेंड्यापर्यंत पाणी दाबानं चढत नाही, पानं ते वर ओढतात. आणि दुसरं. भिंत बांधायचा हुकूम आणि मरायचा हुकूम पेशीत वेगवेगळे नाहीत, एकच कळ दोन्ही कामं करते. तुम्ही मरण खोडलंत की भिंतही जाईल. लाकूड होणारच नाही."

"केळीला कुठे लाकूड असतं? उभी राहतेच की."

"केळीची कोणी तुळई करतं का हो, सर?"

सर हसले. बाईंचं म्हणणं त्यांना पटत नव्हतं असं नाही. पण अमर हा शब्द त्यांना अलीकडे फार आवडू लागला होता, आणि समितीच्या अध्यक्षांना तर तेवढा एकच शब्द कळला होता. पालथ्या घड्यावर पाणी ओतून बाई प्रयोगशाळेत परतल्या.

काम मात्र त्यांनी चोख केलं. वाकड्यात शिरून प्रयोग बिघडवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सुगतनं भ्रूणांमधली ती कळ जनुकसंपादनानं निकामी केली, रोपं वाढवली, आणि आषाढात त्यांची लागवड झाली. पहिलं रोप अर्थातच मंत्रिमहोदयांच्या हस्ते, अर्थातच नेहमीच्या खड्ड्यात. केंद्राच्या फाटकाशी एक मानाचा खड्डा होता. दरवर्षी पाहुणे त्यात रोप लावत, छायाचित्र होई, पाहुणे गेले की रोपाकडे कोणी फिरकत नसे, ते वाळे, आणि पुढच्या वर्षी तोच खड्डा पुन्हा कामी येई. एवढी रोपं त्या खड्ड्यात कुजली होती की आवारातली सर्वांत कसदार माती तिथली होती.

पहिलं वर्ष सरांचं गेलं. रोपं तरारली, पानं हिरवीगार, खोड मऊ आणि भरलेलं. खोडाला चिरा दिल्या तर चार दिवसांत भरून येत. खोडकिडा सोडला तर जिवंत पेशी त्याला चिकात बुडवून मारत. सर रोज सकाळी काठी टेकत फेरी मारत आणि बाईंना मुद्दाम हाक मारून दाखवत. बाई मूग गिळून बघत.

रोपं कमरेच्या वर गेली आणि माना टाकू लागली. खाली माती ओली चिंब, वर पानं कोरडी. सर म्हणाले, पाणी वाढवा. पाणी वाढवलं तर मुळं कुजू लागली. मग पानांवर तुषार सोडले. खोडं तरी आडवीच होत होती. शेवटी प्रशासन विभागानं कोणाला न विचारता प्रत्येक रोपाला बांबूची काठी बांधली. पाहणी समिती येणार होती ना!

"मॅडम, हे पाहिलं का जी?" सुगत म्हणाला. "मरण नसलेलं झाड. उभं कशावर आहे, तर मेलेल्या बांबूवर."

"बोलू नकोस. मी आधीच चिडलेली आहे."

त्यात रोपांचा श्वास मोजणाऱ्या यंत्राचे आकडे आले. मेलेली पेशी जेवत नाही, म्हणून तर मोठं झाड परवडतं. त्याचा बराचसा भाग उपाशी राहूनही भार उचलत असतो. इथे खोडातली एकूण एक पेशी जिवंत होती आणि प्रत्येकीला साखर हवी होती. पानं कमावत होती त्याहून जास्त खोड खात होतं. बाई आकडे घेऊन सरांकडे गेल्या.

"पानं वाढतील तशी कमाईही वाढेल," सर म्हणाले.

"पाण्याशिवाय पानं कशी वाढतील? सर, हा प्रकल्प बंद करा. आणि ते दुसरं काम..."

"घाई काय आहे?"

बाई तडक बाहेर आल्या आणि व्हरांड्यातल्या निरपराध कुंडीला लाथ मारून लंगडत घरी गेल्या.

दुसऱ्या वर्षी रोपं एकेक करून गेली. एक सोडून. मानाच्या खड्ड्यातलं रोप मात्र जाड होत गेलं, काठीच्या वर गेलं, फाटकाच्या कमानीच्या वर गेलं. काठी काढली तरी पडलं नाही. शेंड्यापर्यंत पानं टवटवीत. पाणी चढत होतं!

सरांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी मंत्र्यांना बोलावलं, मांडव घालायला सांगितला, 'वनस्पतीनं मृत्यूवर मिळवलेला विजय' असा फलक रंगवून घेतला. हेमलताबाईंनी सुगतला बरोबर घेतलं आणि खोडात पोकळ गिरमिट फिरवून पेन्सिलीएवढा नमुना बाहेर काढला.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून सुगतनं नमुना दोनदा सरकवला.

"काय आहे?"

"मॅडम, मधल्या पेशी मेल्या आहेत."

"मरू शकत नाहीत. कळच काढली आहे आपण."

"पहा ना जी तुम्हीच."

बाईंनी पाहिलं. खोडाच्या मध्यावर पोकळ नळ्या होत्या, साध्या सागात असतात तशाच. त्यातूनच पाणी वर जात होतं. मग त्यांनी भिंती पाहिल्या आणि नमुना सरकवून पुन्हा पाहिल्या.

"उपासमार," त्या हळूच म्हणाल्या. "कसदार माती मिळाली, खोड जाड झालं. अन्न सालीकडून येतं, बाहेरच्या पेशींनीच ते संपवलं. मधल्यांपर्यंत पोचलंच नाही. त्या भुकेनं मेल्या, आतून रिकाम्या झाल्या, आणि योगायोगानं नळ्या तयार झाल्या."

"म्हणजे झाड वाचलं ते मरणामुळेच."

"वाचलं कुठे? भिंती बघ. कागद आहेत कागद. साध्या सागात पेशी आधी भिंत बांधते, मग मरते. या मेल्या तेव्हा काहीच बांधून झालं नव्हतं. पानं पाणी ओढतात तेव्हा नळीतून केवढी ओढ लागते! सकाळी ठीक आहे. भर उन्हात पानांनी जोर लावला की या नळ्या आत चेपतील. एक चेपली की शेजारणीवर दुप्पट ओढ."

बाई नमुना तसाच हातात धरून संचालकांच्या खोलीत गेल्या. सर भाषण लिहीत होते.

"सर, कार्यक्रम रद्द करा. नाहीतर निदान अगदी सकाळी उरका. दुपारच्या उन्हात हे झाड टिकणार नाही."

"आठ वाजताचीच वेळ दिली आहे," सर म्हणाले. नमुना त्यांनी पाहिलाही नाही.

मंत्री आठला येतात असं ज्याला वाटतं त्यानं सागावर संशोधन करू नये, आंब्याचं लोणचं घालावं. वैशाखाचा दिवस होता. आठ वाजले, दहा वाजले, मांडवात पंखे गरम हवा ढवळू लागले. बाईंनी लोकांना मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसवून घेतलं, कारण विचारणाऱ्यांना 'इकडे सावली आहे' असं सांगितलं. मंत्री आले तेव्हा ऊन माथ्यावर होतं.

सर बोलायला उभे राहिले. "आजवर प्रत्येक झाड आपल्या पोटात मरण घेऊन वाढत आलं," ते म्हणाले, आणि मागून बारीक टकटक ऐकू येऊ लागली. आधी अधूनमधून, मग भराभर. खोडाच्या आत नळ्या चेपत होत्या. शेंड्याची पानं लोंबली. मग ते झाड मोडलं नाही, कडकडलं नाही. उन्हात राहिलेल्या अळूच्या देठासारखं मधोमध वाकलं, आणि सगळ्यांच्या देखत फलकावर आडवं झालं.

कोणाला इजा झाली नाही. मंत्री शिष्टाचार म्हणून दोन टाळ्या वाजवून गेले. कार्यक्रमाचाच हा भाग असावा असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी सर स्वतः प्रयोगशाळेत आले. शाल नव्हती, काठीही विसरले होते. "दाखव," एवढंच म्हणाले.

हेमलताबाईंनी दोन काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. एक केंद्रात जपून ठेवलेल्या जुन्या साग-लाकडाचा, एक पडलेल्या झाडाचा. सर आळीपाळीनं बघत राहिले. बाईंना खूप बोलायचं होतं, दोन वर्षांचं तुंबलेलं होतं. पण त्या म्हाताऱ्या मानेकडे बघून त्यांना वाईट वाटलं आणि त्यांनी नुसता दिव्याचा उजेड वाढवून दिला.

"दोन्हीकडे मेलेल्याच आहेत," शेवटी सर म्हणाले.

"हो, सर."

"या आवरून गेल्या. आणि या..." त्यांनी दुसऱ्या कापावर बोट ठेवलं. "यांना आवरायला मिळालंच नाही. भिंत नाही, काही नाही." ते थांबले. "हेमलता, आपण मरण काढलंच नव्हतं. ते काढता येत नाही. आपण फक्त त्याचं नियोजन काढलं."

सरांचा हात नकळत छातीतल्या स्पंदकाकडे गेला.

"ती वारसाची जागा," ते म्हणाले. "उद्या सकाळी आपण..."

"उद्या नाही!" बाई एवढ्या जोरानं ओरडल्या की सुगतच्या हातातली नमुन्याची काच पडून फुटली. "उद्या नाही, परवा नाही, सत्कारानंतर नाही. आत्ता! मला तुमची भीती वाटते, सर. रोज सकाळी तुमची काठी वाजली की मी सुटकेचा निःश्वास टाकते, माहीत आहे तुम्हाला? किती वर्षं? एका माणसाच्या धडधडीवर अख्खं जंगल टांगून ठेवलंय तुम्ही, आणि म्हणता घाई काय आहे!"

सर सूक्ष्मदर्शकापासून दूर सरकले. मग खुर्चीचा आधार घेऊन उठले आणि बीजकोशाकडे चालू लागले.

काचपट्टीवर 'वारस:' पुढे 'हे. गेडाम' ही अक्षरं उमटली तेव्हा बाईंना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

सर तेवढ्यावर थांबले नाहीत. आतल्या खणांवरच्या खुणा फक्त त्यांनाच कळत. कोणत्या खणात कोणत्या रानाचा साग, कोणता भ्रूण किती वर्षांनी रुजवून त्याचे नवे भ्रूण गोठवायचे, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. पुढचे काही महिने ते रोज बाईंना घेऊन आत बसले. दोघं लोकरी कोट घालून खण उघडत आणि भांडत. सर एकेक खूण सांगत, बाई ती साध्या मराठीत लिहून डकवत. शेवटचा खण झाला त्या दिवशी सर बाहेर आले, त्यांनी दारावर अंगठा टेकवला आणि राखणदाराच्या ओळीतून आपलं नाव पुसून टाकलं.

"अहो, ते कशाला? वारस नेमलाय तेवढं पुरे होतं," बाई म्हणाल्या.

"भिंत बांधून झाली," सर म्हणाले. "आता नळी मोकळी होऊ दे."

तेव्हापासून ते केंद्रात येत, पण दारासमोरच्या बाकावर बसत. पेपर वाचत, चहा पीत, जाणाऱ्या-येणाऱ्याला रानसागाच्या गोष्टी सांगत. हेमलताबाई दिवसातून अनेकदा अंगठा टेकवून दार उघडत. दार पटकन उघडे. त्या खटक्याचा आवाज त्यांना फार आवडू लागला होता. कधीकधी आत काही काम नसतानाही त्या एक चक्कर टाकून येत.

अशाच एका सकाळी सुगत शीतपेटी घेऊन दारापाशी उभा होता. बाई एका बैठकीत अडकल्या होत्या, त्याला बराच वेळ थांबावं लागलं. त्या आल्यावर त्यानं काचपट्टीकडे बोट दाखवलं. 'राखणदार: हे. गेडाम.' खाली 'वारस:' आणि पुढे कोरी जागा.

"मॅडम, मनात होतं म्हणून विचारतो जी," तो म्हणाला. "ती जागा भरायची राहिली आहे."

हेमलताबाईंनी अंगठा टेकवला. दार उघडलं. त्या आत जाता जाता मागे न बघता म्हणाल्या, "अरे हो, बघू. घाई काय आहे?"

बाकावरच्या पेपराची घडी वाजली.

"हेमलता," सर म्हणाले, "सगळं तुला दिलं. ते वाक्य दिलं नव्हतं. ते माझं मला परत कर."

बाई उंबऱ्यातच थांबल्या. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत मागे वळल्या, आणि सुगतचा हात मनगटाला धरून दारापाशी ओढला.